असे कळते

आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना आम्ही कार्यालयात ‘कळतेसाहेब’ म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर आपलं नुसतं ‘साहेब’. त्यांच्या दर दुसऱ्या बातमीत ‘असे कळते’ असतं. अमक्याने तमक्याची जागा बळकावली असे कळते. तमकीचा संसार मोडण्याच्या बेतात आहे असे कळते. कुणाकडून कळतं, कधी कळतं, हे विचारायची सोय नाही. स्वतःचा चष्मा कपाळावर असताना टेबलाखाली वाकून शोधणारा हा माणूस, पण गावातल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातलं याला कळतं!

मी तिथे प्रुफं तपासते. बावीस वर्षं झाली. पान जुळून कागदावर आलं की मूळ मजकूर डाव्या हाताला, पान उजव्या हाताला, मध्ये लाल पेन आणि मी. सगळं जुळलं की खालच्या कोपऱ्यात ‘छापा’ असं लिहून सही करायची. सही झाली की पान थेट छपाईला जातं, साहेब नंतर वाचत नाहीत. आधीही वाचत नाहीत, ते सोडा.

आता हे काम काय आहे ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. मूळ मजकुरात ‘कावळा पांढरा असतो’ असं आलं, तर पानातही ‘कावळा पांढरा असतो’ असंच आलंय ना, एवढं मी बघायचं. ‘कावळा’ धड लिहिलाय का, ‘पांढरा’ धड लिहिलाय का. खिडकीबाहेर मान काढून कावळ्याकडे बघायचं, हे माझं काम नव्हतं. पण आमच्या गल्लीत कुणाला विचारा. ‘पेपर ना? तो काकू तपासतात. काकूंच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक अक्षर छापत नाहीत!’ वाण्याच्या दुकानात मला रांगेत पुढे करायचे. आणि मी, खरं सांगायचं तर, कधी कुणाला ‘अहो, तसलं तपासणं नव्हे हो’ असं म्हटलं नाही. कशाला म्हणू? फुकट मिळणारा मान कुणाला कडू लागतो?

त्या गुरुवारी चौकातला फर्निचरवाला साहेबांच्या केबिनमध्ये येऊन बसला. केबिन म्हणजे काय, काचेचा अर्धा पडदा. वर छतापर्यंत सगळं उघडं, त्यामुळे आतली कुजबुज बाहेर माझ्या टेबलावर सांडते. हा फर्निचरवाला आमचा जुना जाहिरातदार, शेवटचं अर्धं पान कायम त्याच्या सोफ्यांचं. त्याच्या दुकानामागे त्याच्याच मालकीच्या दोन खोल्या आहेत आणि तिथे माऊताईंचं पाळणाघर आहे. त्यांचं खरं नाव काय आहे ते त्यांच्या भाडेकरारालाच ठाऊक. पोरांनी ‘माऊ’ केलं, मोठ्यांनी त्याला ‘ताई’ जोडलं, झालं. माझी नात ढमी वर्षाची असल्यापासून तिथे जाते. आता तीनची आहे.

फर्निचरवाल्याला त्या खोल्या सोफे ठेवायला हव्या होत्या. माऊताई काही हलत नव्हत्या, कराराची अजून दोन वर्षं बाकी होती. मात्र त्यात एक कलम होतं. पाळणाघर सलग महिनाभर बंद राहिलं तर खोल्या मालकाला परत. तर हा गृहस्थ मागच्या वर्षी सगळीकडे बोंबलत होता की पोरं फार गोंधळ घालतात, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. आणि त्या दिवशी केबिनमध्ये काय म्हणाला?

“दुपारी एक ते चार अजिबात आवाज येत नाही, साहेब! बारा पोरं आहेत आत. बारा पोरं तीन तास गप्प? काहीतरी पाजत असणार.”

बघा! पोरं ओरडली तरी हिचा गुन्हा, झोपली तरी हिचा गुन्हा. करावं तरी काय बाईने, पोरांना अर्ध्या आवाजात रडायला शिकवावं?

साहेबांनी ‘हं, हं’ केलं. चहा झाला. फर्निचरवाला मिशी पुसत निघून गेला. आणि तासाभरात माझ्या टेबलावर पहिलं पान आलं, त्यात ठळक मथळा: ‘पाळणाघरातील चिमुकल्यांना झोपेचे औषध’. खाली सहा ओळी. चौकातील एका पाळणाघरात बालकांना गुंगीचे औषध दिले जात असल्याचे कळते. पालकांमध्ये घबराट असल्याचे कळते. पालकांना अजून पत्ताच नव्हता, घबराट कुठली? ती छापल्यावर होणार होती, साहेबांनी आगाऊच कळवून टाकली.

मी पान घेऊन आत गेले.

“साहेब, हे कुणी सांगितलं?”

“सूत्रांनी.”

“सूत्र आत्ताच चहा पिऊन गेलं. त्याला त्या खोल्या हव्यात.”

“काकू,” साहेब खुर्चीत मागे रेलले, “तुम्ही फार मनाला लावून घेता. आपण नाव घेतलंय का कुणाचं? नाही. ठामपणे म्हटलंय का? नाही. ‘कळते’ म्हटलंय. आणि तुमचं समाधान होत नसेल तर मथळ्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाका. प्रश्न विचारायला काही बंदी आहे का?”

“माझी नात जाते तिथे. असलं काही नाही हो.”

“मग तर उत्तमच. काही नसेल तर कुणाचं काय बिघडणार आहे?”

असं म्हणून त्यांनी फोन उचलला. म्हणजे आता निघा.

मी टेबलावर आले, लाल पेनने प्रश्नचिन्ह टाकलं, कोपऱ्यात ‘छापा’ लिहिलं आणि सही केली. का केली? घाबरले म्हणून. एकसष्टाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार? शिवाय मनाला समजावलं, की हे असले कागद कोण गांभीर्याने वाचतं, लोक सोफ्यांची जाहिरात बघतात आणि खाली अंथरतात. मनाची समजूत घालायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

शनिवारी अंक निघाला. मी संध्याकाळी घरी पोचले तर सूनबाई दारातच, हातात अंक. आमची सून औषधांच्या दुकानात कामाला आहे. मुलगा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, त्यामुळे घर आम्हा दोघींचं आणि ढमीचं.

“आई, हे बघितलंत?” म्हणाली आणि लगेच स्वतःच म्हणाली, “बघितलंच असेल म्हणा.”

“अगं, खोटं आहे ते. त्या फर्निचरवाल्याचा कावा आहे.”

“सर्दीचं औषध चमचाभर जास्त गेलं की पोर ढाराढूर झोपतं, आई. मी रोज विकते. आया काय काय विचारतात ते मला ठाऊक आहे. आणि ढमी घरी कधी दुपारी झोपते का? तिथेच बरी झोपते!”

“खोटं आहे म्हणतेय ना मी.”

“मग छापलं कसं?” तिने अंकावर बोट आपटलं. “तुम्हीच तर तपासता ना सगळं? खोटं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतंत का?”

तिचा माझ्यावर विश्वास होता. त्याच विश्वासाने तिने सोमवारपासून ढमीला पाळणाघरातून काढलं. तोंडात मारल्यासारखी मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले.

सोमवारी बारापैकी नऊ मुलं गेली नाहीत. मंगळवारी उरलेली तीनही नाहीत. कुणी माऊताईंना जाऊन काही विचारलं असेल तर शपथ. अडीअडचणीला संध्याकाळी सात-सातपर्यंत पोरं तिथे ठेवणारे हे लोक. कुणाच्या पोराचा ताप तिने उतरवला होता, कुणाचं बोलणं तिच्याकडे सुरू झालं होतं. एकाने फोन केला नाही. बरणी, बाटली, जादा कपडे न्यायला मात्र शेजाऱ्याला पाठवलं.

बुधवारी ढमीला ठेवायला घरी कुणी नव्हतं. सूनबाईची रजा संपलेली, म्हणून मी तिला घेऊनच कामावर गेले. काय सांगू तुम्हाला त्या पोरीचे प्रताप! अकरापर्यंत तिने शाईचा डबा उपडा केला, पानं जुळवणाऱ्याच्या खुर्चीचं चाक काढलं आणि साहेबांच्या टेबलाखाली जाऊन त्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या. बाराला रडायला लागली. थोपटलं, गाणं म्हटलं, मांडीवर घेतलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. झोपेने डोळे लाल, पण झोपेल तर शपथ!

दीडच्या सुमाराला दार लोटून माऊताई आत आल्या. हातात एक लांब पाकीट. ढमीने माझ्या मांडीवरून उडी मारली आणि जाऊन त्यांच्या पायाला मिठी घातली. माऊताईंनी तिला उचललं, तिच्या नाकाचा शेंबूड आपल्या पदराने पुसला आणि तशाच केबिनमध्ये गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. मी मागोमाग गेले.

पाकिटात वकिलाची नोटीस होती. पाळणाघरात येणाऱ्या एका मुलीचा बाप वकील आहे, त्याने फुकट लिहून दिली होती. सात दिवसांत पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात ‘ती बातमी खोटी होती’ असं छापा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावू. साहेबांनी ती दोनदा वाचली. त्यांना दोनदा वाचताना मी बावीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

“बाई, तुमचा गैरसमज झालाय,” ते एकदम लोणी लावल्यासारखं बोलायला लागले. “अब्रुनुकसानी हा फार मोठा शब्द आहे. आम्ही तुमचं नाव तरी घेतलंय का? आम्ही फक्त प्रश्न विचारलाय. समाजहितासाठी.”

“मग उत्तर ऐकायला का नाही आलात?” माऊताई म्हणाल्या. “माझं दार चार पावलांवर आहे.”

साहेबांनी विषयच बदलला. “बरं, तुम्ही म्हणता औषध नाही. मग बारा पोरं तीन तास झोपतात कशी? सांगा ना, मी छापतो!”

माऊताईंनी एक क्षण विचार केला. मग टेबलावरचा ताजा अंक उचलला, आतलं पान उघडलं, ढमीला खांद्यावर नीट घेतलं आणि वाचायला लागल्या. आवाज अगदी सपाट, ना वर ना खाली.

“‘सद्यःस्थितीचा सर्वंकष ऊहापोह करीत असताना विकासप्रक्रियेतील विविध घटकांच्या परस्परसंबंधांचा साकल्याने विचार होणे ही काळाची गरज असून, त्या अनुषंगाने…’”

साहेबांचा अग्रलेख! ढमीने एक जांभई दिली. ‘त्या अनुषंगाने’ला तिची मान माऊताईंच्या खांद्यावर टेकली. दुसऱ्या परिच्छेदात ‘व्यापक परिप्रेक्ष्य’ आलं आणि पोरीचा हात खाली लोंबला. तिसऱ्या परिच्छेदाची गरजच पडली नाही. सकाळपासून मला जे जमलं नव्हतं ते साहेबांच्या दीड परिच्छेदाने करून दाखवलं.

“रोज हेच वाचते,” माऊताई हळू आवाजात म्हणाल्या. “गोष्टी सांगितल्या की मुलं प्रश्न विचारत बसतात. याला कुणी काही विचारत नाही. दर शनिवारी अंक घेते मी, आठवडाभर पुरतो.”

काचेपलीकडे पानं जुळवणारा तोंडात रुमाल कोंबून खोकायला लागला. साहेबांचं तोंड लालबुंद झालं.

“ही… ही माझी बदनामी आहे! काकू, तुम्ही साक्षीदार! मी दावा लावीन!”

“लागणार नाही, साहेब,” मी म्हणाले. “एकतर खरं आहे. आणि लेखी कुठे आहे?”

“तुम्ही गप्प बसा! नाहीतर असं करा, तुम्ही शब्दांचं माणूस आहात ना, तुम्हीच या बाईंना समजावून सांगा. ‘कळते’ म्हटलंय, प्रश्नचिन्ह आहे, नाव नाही. याला अब्रुनुकसानी म्हणतात का? सांगा, सांगा!”

त्यांना वाटलं मी नेहमीसारखी सही करीन. माऊताईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं, पण त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या.

“म्हणतात,” मी म्हणाले.

“काय?”

“यालाच म्हणतात. आणखी कशाला म्हणायचं मग? बातमी खोटी आहे. ती लिहून, छापून हजार घरांत टाकली. नाव नाही म्हणता, पण ‘चौकातील पाळणाघर’ लिहिलंत. चौकात पाळणाघरं किती आहेत? एकच. शेंबड्या पोरालाही कळलं कोण ते. परवापर्यंत लोक हिच्याकडे डोळे मिटून पोटची पोरं सोडत होते, आज रस्ता ओलांडून पलीकडून जातात. अब्रू याहून काय निराळी असते, साहेब? आणि ‘कळते’ म्हणाल तर तुम्हाला कळलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं होतं. सांगणाऱ्याला खोल्या हव्यात, हे मी तुम्हाला छापायच्या आधी याच जागेवर उभं राहून सांगितलं. कोर्टात विचारलं तर तिथेही सांगेन.”

“आणि प्रश्नचिन्ह? ते तुम्ही टाकलंत!” साहेब ओरडले. बुडता माणूस शेजाऱ्यालाही धरतो.

“हो. मीच टाकलं,” मी म्हणाले. “खाली सहीपण माझी आहे.”

झोपलेल्या ढमीला माऊताईंनी माझ्या हातात दिलं, तिची चप्पल पायातून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या.

साहेब भित्रे आहेत, हा त्यांचा एकमेव गुण म्हणायचा. शुक्रवारपर्यंत त्यांनी खुलाशाचे पाच मसुदे केले. पहिल्यात ‘काही वाचकांचा गैरसमज झाला असे कळते’. इथेही कळतेच! दुसऱ्यात ‘तांत्रिक कारणामुळे’. तांत्रिक! जणू बातमी यंत्राने स्वतःच पाडली. वकिलाने चारही परत पाठवले. पाचव्यात शेवटी घशात अडकलेलं हाड निघावं तसं एकदाचं निघालं: ‘ती बातमी खोटी होती. पाळणाघरात कोणतेही औषध दिले जात नाही.’ पहिलं पान, तीच जागा, तेवढीच अक्षरं. मी सही केली. साहेब म्हणाले, काकू, पुढच्या महिन्यापासून तुम्ही आराम करा. मी म्हटलं, करते.

मला वाटलं, झालं. आता सोमवारी बारा पोरं हजर. मोठी शहाणी मी!

सोमवारी कामावर जाताना मुद्दाम चौकातून गेले. पाळणाघराचं दार सताड उघडं. आत बारा चटया ओळीने अंथरलेल्या, प्रत्येकीवर घडी घातलेली चादर, आणि माऊताई एकट्या बसून खेळण्यातल्या गाडीला चाक लावत होत्या. बाहेर फर्निचरवाला दोन माणसांना घेऊन उभा होता आणि पावलांनी खोलीची लांबी मोजत होता. भिंतीच्या बाहेरून हं, आत जायची हिंमत नव्हती.

“एकही नाही?” मी उंबऱ्यावरून विचारलं.

“नाही.”

“वकिलांची मुलगी?”

माऊताई हसल्या, पण ते हसणं बघवेना. “ते म्हणाले, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण बायकोचं मन तयार होत नाही. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं सासरे म्हणतात.” चाक बसलं का ते त्यांनी फिरवून बघितलं. “महिना भरायला तेवीस दिवस राहिलेत, काकू. मुलं नसली की बंदच धरणार तो. आज त्याने दारातून सांगितलंय.”

घ्या! ज्या माणसाने स्वतःच्या हाताने ‘खोटं’ लिहून घेतलं, त्याच्या घरातच ते कुणी मानेना. लोकांना खोटी बातमी सहा ओळीत पटते. खरी मात्र पटायला आधी सासऱ्याची परवानगी लागते. दिवसभर मला नुसती चीड येत होती. त्या वकिलाची आली, त्याच्या सासऱ्याची आली, साहेबांची तर रोजचीच. आणि दुपारी पानं तपासताना लक्षात आलं की आमची ढमीही शेजारणीकडे ठेवली आहे. मी कुणाला नावं ठेवतेय?

संध्याकाळी सूनबाई ढमीला भरवत होती. मी समोर बसले.

“खुलासा वाचलास ना? मग उद्या तिला माऊकडे सोड.”

“वाचला. नोटीस आली म्हणून छापला असेल, आई. वकिलाच्या धाकाने कोणीही काहीही छापेल. पहिली बातमी कुणाच्या धाकाने छापली होती? ती तर तुम्ही नेहमीसारखी नीट तपासून दिलीत.”

“नाही तपासली.”

तिचा घास हातातच राहिला.

मग मी सगळं सांगितलं. फर्निचरवाला, चहा, सूत्र, प्रश्नचिन्ह. प्रुफं तपासणं म्हणजे नक्की काय असतं, तेही सांगितलं, कावळ्यासकट. बातमी खोटी आहे हे सही करताना मला पक्कं ठाऊक होतं, हेही सांगितलं.

ढमीने स्वतःच वाटीत हात घातला.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” सूनबाई म्हणाली. “आणि मी तुमच्या नावावर तीन बायकांना सांगितलं. त्या विचारत होत्या, खरं असेल का गं? मी म्हटलं, अहो, माझ्या सासूबाई स्वतः तपासतात. खात्रीने सांगितलं मी!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्या बाईने ढमीला चालायला शिकवलंय, आई.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे काय म्हणता! लाज वाटायला हवी.”

“वाटते,” मी म्हणाले. “म्हणूनच सांगतेय.”

तिने हात धुतले आणि फोन घेऊन बसली. मुलांच्या आयांचा एक गट आहे तिच्या फोनवर, पाळणाघराच्याच. त्यावर ती काहीतरी लिहायला लागली. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मग फोन माझ्यापुढे धरला.

“हे पाठवू का? तुम्ही बघा आधी.”

मी चष्मा लावला. तिने लिहिलं होतं: ‘माझ्या सासूबाई त्या पेपरात काम करतात. घाईगडबडीत त्यांच्याकडून नजरचुकीने ती बातमी गेली. माऊताईंची काही चूक नाही. ढमी उद्यापासून परत जाणार आहे.’

एवढी चिडली होती, तरी पोरीने मला वाचवलं होतं! मला भरून आलं. गल्लीत रांगेत पुढे करणारे लोक, वाणी, शेजारीपाजारी, सगळे डोळ्यांपुढून गेले. ‘नजरचूक’ म्हटलं की दोन दिवस चर्चा होऊन विसरतील. आणि तो सासरा पुन्हा म्हणेल, नजरचूक कसली, वरून दबाव आला असणार.

मी तिच्या फोनवर बोटाने ‘घाईगडबडीत’ पुसलं, ‘नजरचुकीने’ पुसलं. मला ते छोट्या अक्षरांचं टंकायला वेळ लागतो. सूनबाई शेजारी उभी राहून बघत होती. मी लिहिलं: ‘ती बातमी खोटी आहे हे त्यांना सही करताना माहीत होतं. घरमालकाला खोल्या हव्या होत्या म्हणून त्याने ती सांगितली. नोकरी जाईल या भीतीने सासूबाईंनी ती जाऊ दिली. त्यांनी हे स्वतः माझ्याकडे कबूल केलं आहे. कुणाला विचारायचं असेल तर त्या घरी आहेत.’ खाली माझा फोन नंबर टाकला.

“आई, अहो, हे फार होतंय,” सूनबाई म्हणाली.

“एक शब्द तरी खोटा आहे का?”

तिने पुन्हा वाचलं. मान हलवली. मीच बोट दाबून पाठवलं.

दोन मिनिटांत टिंग, टिंग सुरू झालं. ‘काय सांगतेस!’ ‘शी!’ ‘या वयात?’ ‘आणि आम्ही यांना काकू काकू म्हणून मान देत होतो.’ ‘नात तिथे असताना असं करवलं कसं?’ एकीने लिहिलं, असल्या म्हातारीला घरात कसं ठेवतेस तू? सूनबाईने फोन उलटा घालून ठेवला. मी म्हटलं, राहू दे, वाचते मी. सगळं वाचलं. सवयीने दोन ठिकाणी लाल पेनाकडे हात गेला, पण खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं. मधेच त्या वकिलाच्या बायकोने लिहिलं, ‘मग माऊताईंना किती वाईट वाटलं असेल गं.’ त्याखाली बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

सकाळी सूनबाईला लवकर निघायचं होतं, म्हणून ढमीला मी सोडायला गेले. वाण्याने मला बघून पेपराचा गठ्ठा लावायला घेतला, पाठ करून. चौकात फर्निचरवाला दुकानाबाहेर उभा होता. त्याच्याकडे मीही पाठ केली, तेवढाच आनंद.

पाळणाघरात चार मुलं आली होती. मी पोचेपर्यंत आणखी दोन आली. माऊताई दारात एकेकाला घेत होत्या, चप्पल काढून रॅकवर ठेवत होत्या. मी उंबऱ्यापाशी चपला काढेपर्यंत ढमी माझा हात सोडून सरळ आत पळाली आणि तिने जाऊन एका पोराच्या हातातली गाडी हिसकली. दोघंही भोकाड पसरून रडायला लागले, इतकं की फर्निचरवाल्याने आतून शटर अर्धं ओढलं.

“काकू, चहा टाकते, बसा,” माऊताई म्हणाल्या. आवाजात गोडवा नव्हता, पण म्हणाल्या.

मी नको म्हणायच्या आतच वकिलाची बायको मुलीला घेऊन आली. मला बघून दारातच थबकली. मुलगी माझ्याकडे बघून हसली, आमची ओळख होती, मी कधीकधी तिला पेपराच्या होड्या करून द्यायचे. आईने तिला दंडाला धरून आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं.

“त्या आजीकडे जायचं नाही हं,” ती मुलीला म्हणाली. हळू नाही, मला ऐकू जाईल असं. “माऊकडे जा.”

मुलगी माऊताईंच्या कडेवर चढली. मी चपला घातल्या आणि निघाले.